हिरवं कॉलेज, खरं आणि कागदावरचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या कॉलेजांमधले निसर्ग मंडळाचे विद्यार्थी, एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) कार्यक्रम अधिकारी, आयक्यूएसीचे (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे) समन्वयक आणि प्रयोगशाळा सांभाळणारे सहायक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. पोस्टर स्पर्धा आणि शपथविधी यांच्याबद्दल इथे फारसं काही सापडणार नाही. युनिट, किलो आणि लिटर यांत जे मोजता येतं, त्यावरच भर आहे.

कॉलेजने पर्यावरणासाठी काही करणं बंधनकारक आहे, की हा हौसेचा मामला?

थोडं बंधनकारक, थोडं हौसेचं.

शिकवणं बंधनकारक आहे. पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी शिक्षणाच्या सगळ्या पातळ्यांवर पर्यावरण हा विषय सक्तीचा करायला सांगितलं. अंमलबजावणी रेंगाळली. २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा कान उपटावे लागले, तेव्हा कुठे यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सगळ्या शाखांच्या पदवी वर्गांसाठी आला.

कचऱ्याचं बंधन वेगळं आहे. दिवसाला सरासरी १०० किलोंहून जास्त कचरा निर्माण करणारी संस्था २०१६ च्या घनकचरा नियमांप्रमाणे मोठी कचरा उत्पादक ठरली, आणि मुंबई महापालिकेने अशांना ओल्या कचऱ्याची आवारातच विल्हेवाट लावायला सांगितलं. वसतिगृह आणि मेस असलेलं कॉलेज या रेषेपलीकडे सहज जातं. ई-कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रियादाराकडेच देणं, झाड तोडण्याआधी परवानगी घेणं, प्रयोगशाळेतली घातक रसायनं गटारात न सोडणं यांनाही कायद्याचा आधार आहे. सोलर, सायकल स्टँड, फुलपाखरांची बाग ही मात्र हौस. बऱ्याच ठिकाणी क्रम उलटा असतो: बाग आधी फुलते आणि मर्क्युरीच्या बाटल्या कपाटात तशाच राहतात.

देशपातळीवर कोणते उपक्रम चालतात, आणि कॉलेजच्या उपयोगाचे त्यांतले किती?

चौकट आखली ती हवामान बदलाच्या राष्ट्रीय कृती आराखड्याने. ३० जून २००८ रोजी आलेल्या या आराखड्यात सौरऊर्जा, ऊर्जा कार्यक्षमता, पाणी वगैरे आठ मोहिमा होत्या. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट भारताने २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत जाहीर केलं. त्याच परिषदेत मांडलेल्या 'लाइफ' (पर्यावरणपूरक जीवनशैली) या कल्पनेची मोहीम २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातमधल्या एकतानगरला सुरू झाली. तिच्या यादीत सात विषयांतल्या ७५ सवयी आहेत.

कॉलेजला थेट दार उघडतं ते २०१४ च्या उन्नत भारत अभियानाचं. त्यात उच्च शिक्षण संस्था गावं दत्तक घेतात आणि तिथल्या पाणी, ऊर्जा, कचरा अशा प्रश्नांवर काम करतात. मुंबईच्या कॉलेजांना पालघर, ठाणे, रायगडमधली गावं सोयीची पडतात. आयआयटी मुंबईत तर ग्रामीण तंत्रज्ञानाच्या पर्यायांवर काम करणारं 'सितारा' हे केंद्र १९८५ पासून आहे.

राज्याच्या 'माझी वसुंधरा' अभियानाबद्दल नेहमी गैरसमज होतो. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पंचमहाभूतांवर बेतलेलं हे अभियान २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं, पण त्यातली स्पर्धा आहे महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतींची. कॉलेज त्यात स्वतंत्र स्पर्धक म्हणून उतरत नाही. मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेला मुंबई हवामान कृती आराखडा मात्र प्रत्येक कॉलेजने चाळावा असा आहे. शहराने त्यात निव्वळ शून्याचं वर्ष २०५० धरलं आहे, म्हणजे देशाच्या २० वर्षं आधी. शिवाय शहराच्या उत्सर्जनाचा सगळ्यात मोठा वाटा इमारतींमधल्या ऊर्जावापराचा असल्याचंही तो दाखवतो. वर्गातले पंखे आणि ऑफिसातले एसी हा मुद्दा त्यामुळे किरकोळ राहत नाही.

पर्यावरणाचा पेपर मुलं मार्कांपुरताच का शिकतात?

परीक्षा 'ओझोनच्या थराविषयी टीप लिहा' एवढंच विचारते म्हणून. नव्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने २०२३ मध्ये दिलेल्या आराखड्यात हा विषय ४ क्रेडिटचा आहे आणि क्षेत्रकार्याला त्यात जागा आहे. ती जागा सहलीने भरून काढू नका. मुंबईत एका लोकलच्या तिकिटात पाठ्यपुस्तक समोर उभं राहतं. माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पूर्वीच्या कचराभूमीवर उभं आहे, शेजारून मिठी नदी वाहते आणि पलीकडे धारावी आहे. देवनारला १९२७ पासून कचरा पडत आला आहे. गोरेगावला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. ही संस्था १८८३ ची.

सगळ्यात चांगला प्रकल्प कॉलेजच्याच आवारात असतो. पाच मुलांच्या गटाला एक मजला द्या, आठवडाभर तिथली वीज, पाणी आणि कचरा मोजायला लावा आणि चार पानांचा अहवाल मागा. तो इंटरनेटवरून उचलता येत नाही, हा वरचा फायदा.

ग्रीन ऑडिट म्हणजे नेमकं काय? ते नॅकसाठीच करायचं असतं का?

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषामुळे ग्रीन ऑडिट घरोघरी पोचलं, हे खरं. त्यात सहसा वीज, पाणी, कचरा आणि आवारातली जैवविविधता असे भाग असतात. हल्ली कार्बनचाही हिशेब जोडतात. ऊर्जेचा भाग बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकाकडून करून घ्यावा.

तयारी म्हणून मागच्या १२ महिन्यांची विजेची आणि पाण्याची बिलं, टँकरच्या पावत्या, गॅस सिलिंडरचा हिशेब, जनरेटरचं डिझेल, इमारतीचं चटईक्षेत्र आणि विद्यार्थीसंख्या एका फाइलीत लावा. एवढी फाइल हाताशी असेल तर निम्मं ऑडिट झालंच.

अहवाल खरा की छापील, हे ओळखायची सोपी खूण आहे. शिफारशींचं पान उघडा. 'अधिक झाडे लावावीत, एलईडी वापरावेत, जनजागृती करावी' एवढंच असेल तर तेच पान दुसऱ्या दहा कॉलेजांच्या अहवालांतही असणार. खऱ्या अहवालात 'दुसऱ्या मजल्यावरच्या स्टाफरूममधला एसी १२ वर्षं जुना आहे, इतके युनिट खातो, बदलल्यास इतक्या महिन्यांत पैसे वसूल' असं लिहिलेलं असतं. काही अहवालांत वृक्षगणनेच्या यादीत तुळस आणि कुंडीतलं मनीप्लांटही झाड म्हणून मोजलेलं सापडतं. तेवढ्यावरून काय ते समजावं.

पैसे नाहीत, माणसं नाहीत. सुरुवात कुठून करायची?

विजेच्या मीटरपासून. कॉलेज बंद झाल्यावर रात्री ९ वाजता मीटरचं वाचन लिहून घ्या, सकाळी ६ वाजता पुन्हा घ्या. वजाबाकी करून ९ ने भागा. इमारत झोपलेली असताना तासाला किती युनिट जातात, ते कळेल. मग हे आकडे कुठून येतात ते शोधत फिरा. हमखास सापडणाऱ्या गोष्टी अशा: चालू राहिलेला वॉटर कूलर, कॉम्प्युटर लॅबमधले न बंद केलेले मॉनिटर, प्रयोगशाळेतलं रिकामं ओव्हन, टाकी भरून वाहत असताना चालणारा पंप, जिन्यातले दिवे. सर्व्हर आणि जीवशास्त्राचा फ्रीज बंद करता येत नाहीत. बाकीचं बहुतेक येतं.

हेच वाचन रविवारी दिवसभराचं घ्या. वॉटर कूलरला टायमर लावून रात्रीचे १० तास बंद ठेवणं हे आम्हाला माहीत असलेलं सगळ्यात स्वस्त 'हरित' काम.

जुने पंखे बदलणं परवडतं का? एसीचं काय?

जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा पूर्ण वेगात ३० वॅटच्या आसपास. एका वर्गात ८ पंखे, दिवसाला ८ तास, वर्षाला २०० दिवस धरले तर ४५ × ८ × ८ × २०० म्हणजे ५७६ युनिट वाचतात. ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे एका वर्गाचे वर्षाला सुमारे ४०० किलो. मोठं झाड वर्षाला ढोबळमानाने वीसेक किलो शोषतं असं धरलं, तर एका वर्गाचे पंखे बदलणं हे वीस मोठ्या झाडांच्या कामाइतकं झालं.

यात दोन गोष्टी चुकतात. बीएलडीसी पंखा रिमोटवर चालतो, आणि वर्गातला रिमोट आठवड्यात गायब होतो. म्हणून भिंतीवरच्या बटणाने वेग बदलणारं मॉडेल घ्या. दुसरं, जुना रेग्युलेटर वायरिंगमधून काढून टाका. तो तसाच राहिला की पंखा घुरघुरतो आणि त्याचं सर्किट जळतं.

एसी २४ अंशांवर ठेवा. एक अंश वर नेल्यावर सुमारे ६ टक्के वीज वाचते. पण मुंबईतली तक्रार तापमानापेक्षा दमटपणाची असते, त्यामुळे २६ अंश आणि मंद पंखा ही जोडी लोकांना जास्त मानवते. महिन्याला एकदा जाळी धुतली नाही तर अंशांचा हिशेब फुकट.

गच्चीवर सोलर बसवायचं आहे. काय काय बघावं?

आधी गच्ची बघा. १ किलोवॉटला सावली नसलेली सुमारे १० चौरस मीटर जागा लागते. 'सावली नसलेली' या शब्दांवरच मुंबईत गाडी अडते. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, मोबाइल टॉवर, शेजारी नव्याने उठलेला २२ मजली टॉवर. पॅनेलं एका साखळीत जोडलेली असतात, त्यामुळे एकावर सावली पडली तरी अख्ख्या साखळीचं उत्पादन घसरतं. डिसेंबरमध्ये सूर्य सगळ्यात खाली असतो. त्या महिन्यात सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता गच्चीचे फोटो काढून ठेवा. विक्रेत्याच्या नकाशापेक्षा ते खरं बोलतात.

मुंबईत १ किलोवॉटमधून वर्षाला १,४०० युनिटच्या आसपास मिळतात. २५ किलोवॉटचे ३५,००० झाले. ते वर्षभर सारखे येत नाहीत: एप्रिल-मे भरघोस, जुलै-ऑगस्ट निम्म्यावर. शिवाय मे महिन्यात ऊन जोरात असताना कॉलेजला सुट्टी असते. म्हणून नेट मीटरिंग लागतं: जादा वीज ग्रिडला जाते आणि बिलातून वळती होते. आर्थिक वर्षाअखेर उरलेल्या युनिटांना मिळणारा दर बराच कमी असतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवू नका. अर्ज आपल्या वीज कंपनीकडे करायचा: शहरात बेस्ट, उपनगरात अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपकडे महावितरण.

बांधणीत जे बिघडतं ते असं. वॉटरप्रूफिंग न करता गच्चीला भोकं पाडली की पहिल्याच पावसात खालच्या वर्गात बादल्या मांडाव्या लागतात. आधी वॉटरप्रूफिंग करा, किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करा. मात्र वाऱ्याच्या जोराचा आणि इमारतीच्या ताकदीचा दाखला स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या. खाऱ्या हवेत साधं रंगवलेलं लोखंड दोन पावसाळ्यांत गंजतं. गरम जस्ताचा थर दिलेला सांगाडा आणि स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट हवेत. कल साधारण १९ अंश, तोंड दक्षिणेला. धुण्यासाठी गच्चीवर नळ हवा. शेजारी बांधकाम असेल तर धूळ आठवड्यात बसते.

सोलरला सरकारी अनुदान मिळतं ना?

पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान घरांना आणि गृहनिर्माण संस्थांना आहे, कॉलेजला नाही. हे न सांगता दर देणारे विक्रेते भेटतात.

पैसे नसतील तर दुसरा मार्ग आहे: कंपनी स्वतःच्या खर्चाने संच बसवते आणि कॉलेज ठरलेल्या दराने वीज विकत घेतं, १५ ते २५ वर्षांच्या कराराने. करारात तीन कलमं नीट वाचा. दर दरवर्षी वाढतो का. किमान युनिट घेण्याची सक्ती आहे का. आणि इमारतीचा पुनर्विकास निघाला तर संच कोणाच्या खर्चाने उतरवायचा. मुंबईत तिसरं कलम पहिलं वाचावं.

कॅन्टीनच्या ओल्या कचऱ्याचं खत कसं करायचं?

आधी आठवडाभर वजन करा. अंदाज नेहमी चुकतो. समजा दिवसाला २० किलो ओला कचरा आहे. तो साधारण ४० लिटर जागा घेतो. त्यात तेवढ्याच मापाचा सुका पाला लागतो. कचरा बसत जातो हे धरलं तरी ४५ ते ६० दिवसांच्या चक्रासाठी दीड ते दोन हजार लिटरची पेटी-जागा हवी. एकच मोठी पेटी नको, तीन-चार करा: एक भरायची, बाकीच्या पिकायच्या. बाजूंना जाळी, तळाशी पाणी झिरपायला जागा, वर पत्रा.

तळाला काटक्या-नारळाच्या किशीचा वीतभर थर. त्यावर रोजचा ओला कचरा: भाजीची देठं, साली, उरलेला भात, चहाचा चोथा. मोठे तुकडे दोन इंचांपर्यंत चिरा. लगेच वर पाला, ओलं काहीच दिसता कामा नये. पहिल्या वेळी जुन्या खताची दोन घमेली मिसळा. ते विरजणच समजा. दर चार-पाच दिवसांनी खालवर करा. आतून हात लावल्यावर चटका बसण्याइतकं गरम लागलं की काम चालू आहे.

ओलावा तपासायचा तर मूठभर घेऊन घट्ट पिळा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर पाला वाढवा, मूठ उघडल्यावर भुगा सांडला तर पाणी शिंपडा.

सगळं गणित पाल्यावर अडतं. मुंबईत पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि पाल्याची गरज जुलैमध्ये. मार्चमध्ये माळी जो पाला जाळतो किंवा कचऱ्याच्या गाडीत टाकतो, तो गोण्यांत भरून छपराखाली ठेवला नाही तर पावसाळ्यात पेटी सडलीच. २० किलो कचऱ्याला रोज ४० लिटर पाला, म्हणजे चार महिन्यांना जवळजवळ ५,००० लिटर. पन्नासेक मोठ्या गोण्या. पाला कमी पडला तर लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट चालतं, पण ते विकत आणावं लागतं.

खताला वास येतो, अळ्या झाल्यात, प्राचार्य बंद करा म्हणतात.

सडका वास म्हणजे हवा कमी आणि पाणी जास्त: खालवर करा, पाला घाला, दोन दिवसांत जातो. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा वास म्हणजे पाला कमी आणि डाळी-अन्नाचा भाग जास्त. करड्या, जाडसर, वळवळणाऱ्या अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. दिसायला किळसवाण्या, पण कचरा त्या झपाट्याने संपवतात आणि ही माशी जेवणावर बसत नाही. उंदीर मात्र खरी अडचण आहे. मांसमच्छी आणि तेलकट रस्से पेटीत टाकू नका, जाळी अर्ध्या इंचाहून बारीक घ्या.

त्यापेक्षा २४ तासांत खत करणारं मशीन घेतलं तर?

२४ तासांत बाहेर येतो तो वाळवून दळलेला कचरा. ते खत नव्हे. तो तसाच कुंडीत घातला तर पाणी लागताच तापतो, बुरशी धरतो आणि रोपाची मुळं करपतात. आणखी दोन-तीन आठवडे मुरवावाच लागतो. शिवाय कचरा तापवायला वीज लागते, तिचा हिशेब माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतो. जागा अजिबात नसेल आणि कचरा ५० किलोंच्या वर असेल तर मशीनचा विचार करा, पण मुरवायची जागा धरूनच.

दिवसाला शेकड्यांनी किलो येत असतील तर बायोगॅस बघावा. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला 'निसर्गऋण' प्रकल्प स्वयंपाकघरातल्या कचऱ्यासाठीच आहे: आधी हवेच्या सान्निध्यात कचऱ्याचा लगदा पचतो, मग हवाबंद टाकीत वायू तयार होतो. त्यात एक प्लास्टिकची पिशवी किंवा नारळाची करवंटी गेली की मिक्सर अडतो, म्हणून कचरा निवडायला रोज एक माणूस लागतोच.

वेगवेगळ्या रंगांचे डबे ठेवले तरी कचरा एकत्रच का होतो?

बहुतेक वेळा विद्यार्थ्यांमुळे नाही. संध्याकाळी साफसफाईच्या मावशींकडे एकच काळी पिशवी असते, दोन्ही डबे तिच्यात रिकामे होतात. हे एकदा मुलांच्या डोळ्यांसमोर झालं की दुसऱ्या दिवसापासून कोणी वेगळं टाकत नाही. त्यामुळे डब्यांआधी मागची साखळी बसवा: दोन रंगांच्या पिशव्या, दोन फेऱ्या, सुका कचरा ठेवायला कुलूपबंद जागा, आणि ठेकेदाराच्या करारात हे काम स्पष्ट लिहिलेलं. वजनाची रोजची नोंद मावशींनीच करावी, आणि त्या वेळेचे पैसे त्यांना मिळावेत. रद्दी आणि बाटल्यांचे पैसे कोणाला जातात, हेही आधीच ठरवा. न ठरवलेलं असेल तर तिथेच गाडं अडतं.

प्रत्येक वर्गात दोन डबे नकोत. वर्गातले डबे काढून टाका, मजल्यावर एकाच ठिकाणी ठेवा. २०२६ च्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग आहेत. स्वच्छतागृहात सॅनिटरी कचऱ्यासाठी झाकणाचा वेगळा डबा हवाच.

प्लास्टिकबंदीनंतर कॅन्टीनमध्ये कागदी कप चालतात ना?

कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. तो खतात कुजत नाही आणि रद्दीवालाही घेत नाही. स्टीलचे किंवा काचेचे कटिंगचे ग्लास आणि धुणारा एक माणूस, याला तोड नाही. राज्याची बंदी २०१८ पासून आहे, केंद्राची १ जुलै २०२२ पासून, आणि राज्यात पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे.

जुने कॉम्प्युटर वर्षानुवर्षं गोदामात पडून आहेत. देऊन का टाकत नाही?

कारण ते डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) 'जिवंत' आहेत. निर्लेखनाची (वस्तू नोंदीतून काढून टाकण्याची) समिती बसली नाही, सही झाली नाही, तोवर एक कीबोर्डही हलत नाही. म्हणून वर्षातून एकदा, मार्चअखेरच्या आधी, निर्लेखनाची बैठक ठरवून घ्या. हार्डडिस्क काढून नष्ट करा, विद्यार्थ्यांची माहिती असते. मग नोंदणीकृत पुनर्प्रक्रियादाराला द्या आणि वजनासह प्रमाणपत्र घ्या. भंगारवाला जास्त पैसे देतो हे खरं. तो तारा जाळून तांबं काढतो, तो धूर कुठल्यातरी वस्तीत जातो.

प्रयोगशाळेतली रसायनं सिंकमध्ये ओतली तर काय होतं?

पातळ केलेलं आणि उदासीन केलेलं आम्ल-अल्कली एक वेळ चालेल. जड धातू आणि सेंद्रिय द्रावकं मुळीच नाहीत. गंमत अशी की सगळ्यात वाईट कचरा पर्यावरणाच्याच प्रॅक्टिकलमधून निघतो. पाण्याचं सीओडी (पाण्यातली घाण दाखवणारा आकडा) मोजण्याच्या चाचणीत पोटॅशियम डायक्रोमेट, मर्क्युरिक सल्फेट, सिल्व्हर सल्फेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल असतं. प्रदूषण मोजता मोजता पारा आणि क्रोमियम गटारात.

उपाय: काचेच्या तीन बाटल्या ठेवा. जड धातूंची एक, क्लोरोफॉर्मसारख्या हॅलोजनयुक्त द्रावकांची दुसरी, अल्कोहोल-अॅसिटोनसारख्यांची तिसरी. बाटली तीन-चतुर्थांशच भरा, बुचावर तारीख आणि घटक लिहा. आम्ल आणि सायनाइड किंवा ब्लीच कधीही एकत्र नको. साठा ९० दिवसांहून जास्त ठेवू नका. अधिकृत घातक कचरा केंद्र मुंबईकरांना तळोज्याला आहे. एका कॉलेजचा कचरा गाडी भरण्याइतका नसतो, म्हणून शेजारच्या तीन-चार कॉलेजांनी मिळून फेरी मागवावी. प्रयोगच लहान मापात केले तर कचरा मुळातच घटतो: २५ मिलिलिटरच्या जागी ५ मिलिलिटरचं टायट्रेशन पदवीच्या मुलांना जमतं.

पावसाचं पाणी साठवून टँकर बंद होईल का?

पावसाळ्यात, हो. मेमध्ये, नाही. ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर मुंबईचा साधारण २,२०० मिलिमीटर पाऊस पडला आणि ८० टक्के हाती लागला तर ८ लाख ८० हजार लिटर होतात. पण हे सगळं चार महिन्यांत येतं आणि साठवायला टाकी असते २० हजार लिटरची. म्हणून त्याचा वापर संडासाच्या फ्लशला आणि फरशी पुसायला पावसाळ्यातच करा, उरलेलं जिरवा. खाली काळा कातळ लागला तर जिरवण्याचा खड्डा तुंबतो. समुद्राजवळ बोअरचं पाणी आधीच मचूळ असतं. आधी भूजलाची पाहणी करून घ्या. पहिल्या सरीचं पाणी, गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरमागे किमान एक लिटर, सोडून द्यायची तोटी हवी, नाहीतर कबुतरांची विष्ठा टाकीत.

त्याआधी गळती थांबवा. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि १५ मिनिटं कोणालाही फ्लश करू देऊ नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलंय. आरओ यंत्र शुद्ध पाण्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी फेकतं. ती नळी बादलीत सोडा.

वृक्षारोपण कधी, कुठे, कुठलं?

जूनअखेर ते जुलै. २ फूट लांब-रुंद-खोल खड्डा, माती दोन भाग, खत एक भाग. बहावा, तामण, करंज, उंडी, कदंब, बकुळ, काटेसावर. अरुंद पट्ट्यात गुलमोहर नको, वादळात तो पहिला पडतो. बुंध्याभोवती चारी बाजूंनी किमान १ मीटर माती उघडी ठेवा, पेव्हर ब्लॉक नको. ५ जूनला, पर्यावरण दिनी, लावलेलं रोप अजून कोरड्या मातीत असतं, फोटो मात्र छान येतो. तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, त्याचं नाव लिहून मगच खड्डा खणा. जुन्या झाडांची छाटणी १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली परवानगीनेच होते; वॉर्डच्या उद्यान विभागाकडे अर्ज मार्चमध्येच द्या.

एनएसएसच्या १२० तासांत खारफुटी सफाई धरता येते का?

येते. वनखात्याच्या कांदळवन कक्षाची परवानगी घ्या, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा आणि पाणी सगळ्यात खाली जाण्याच्या दोन तास आधी उतरा. गमबूट, जाड हातमोजे. तिवराची श्वसनमुळं पेन्सिलीसारखी चिखलातून वर आलेली असतात, त्यांवर पाय पडू देऊ नका. मुळांत गुंतलेली पिशवी ओढू नका, कात्रीने कापा. खारफुटीचं रोप आपल्या मनाने कुठेही लावायचं नाही. आणि वजन सांगताना प्रामाणिक राहा: गोणीतला अर्धा भार चिखलाचा असतो.

गणपतीत निर्माल्य गोळा करण्याचं काम याहून उपयोगी, कारण तिथे फुलं थेट खताला जातात. अट एकच: दोरा, जरीची सजावट, थर्माकोल आणि कापराच्या पुड्या तिथल्या तिथे निवडायच्या.

कार्बनचा हिशेब स्वतः करता येतो का?

ढोबळ, एका दुपारी. विजेचे युनिट गुणिले ०.७ किलो. डिझेलचे लिटर गुणिले २.७. पेट्रोलचे गुणिले २.३. कॅन्टीनचं १९ किलोंचं एक सिलिंडर म्हणजे सुमारे ५७ किलो. बेरीज भागिले विद्यार्थीसंख्या. मुंबईत बहुतेक मुलं लोकल आणि बसने येतात, त्यामुळे प्रवासाचा आकडा कमी निघतो. स्टाफच्या गाड्या वेगळ्या मोजा. दुसऱ्या कॉलेजशी तुलना करू नका, एसीच्या संख्येवर सगळं फिरतं. तुलना आपल्याच मागच्या वर्षाशी.

दर वर्षी नवी टीम येते आणि सगळं पुन्हा शून्यावर. काय करावं?

टीवायची (पदवीच्या तिसऱ्या वर्षाची) मुलं एप्रिलमध्ये जातात, खताची पेटी जूनमध्ये ओस पडते. जबाबदारी विद्यार्थ्यांवर न टाकता कायम माणसावर टाका: माळी, इलेक्ट्रिशियन, लॅब असिस्टंट. त्यांच्या कामाच्या यादीत ते लिहिलेलं असू दे. विद्यार्थ्यांनी मोजावं, तपासावं, भांडावं. हस्तांतराची एकच वही ठेवा: मीटरची वाचनं, पुरवठादारांची यादी, काय बिघडलं आणि कशाने दुरुस्त झालं. एसवायची (दुसऱ्या वर्षाची) दोन मुलं फेब्रुवारीपासूनच टीवायवाल्यांच्या बरोबर फिरू देत.

आमचं कॉलेज स्टेशनसमोरच्या एका इमारतीत आहे. बाग नाही, गच्ची ट्रस्टची, कॅन्टीन रस्त्यावर. आम्ही काय करणार?

मुंबईतली निम्मी कॉलेजं अशीच आहेत, आणि पंखे, टायमर, फ्लश, ई-कचरा, प्रयोगशाळेच्या तीन बाटल्या यांपैकी कशालाच बाग लागत नाही. शिवाय अशा ठिकाणी परीक्षा विभाग हा सगळ्यात मोठा 'कारखाना' असतो. उत्तरपत्रिका जपण्याची मुदत संपली की टनावारी कागद रद्दीत जातो. तो फाडून थेट कागद गिरणीला गेला तर दरही बरा मिळतो आणि भजीच्या पुडीवर कोणाचे मार्क दिसत नाहीत. पुरवण्या आठऐवजी चार पानांच्या छापून घ्या. गेल्या परीक्षेच्या शंभर पुरवण्या उघडून कोरी पानं मोजलीत तर हा प्रस्ताव परीक्षा समितीत पाच मिनिटांत मंजूर होतो.